कापसाच्या खोलीतला प्रोसेसर

आमच्या साडूंइतका झटपट निर्णय घेणारा माणूस मी सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि एकच एक निर्णय त्यांच्याइतकी वर्षं लांबवणाराही दुसरा पाहिला नाही. नेरला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि गावाबाहेर कापसाचं शेत. दुकानात आलेल्या माणसाच्या चपलेला चिकटलेली माती पाहून ते त्याला कोणतं बी न्यायचं ते सांगून मोकळे होतात. मुलगी पाहायला गेले तेव्हा पोहे बाहेर यायच्या आत त्यांनी होकार देऊन टाकला होता. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अजून चारचौघांत सांगते, "मले पाह्यलं बी नव्हतं यायनं. पोह्याचा वास आला अन् हो म्हणले." दुकानामागे टिनाचं शेड बांधायचं त्यांनी सकाळी दाढी करताना ठरवलं आणि दाढीचा साबण वाळायच्या आत मिस्त्रीला बोलावणं गेलं. पण घरातल्या गेमिंग कॉम्प्युटरचा प्रोसेसर कधी बदलायचा, हा विषय निघाला की हाच माणूस छताकडे पाहायला लागतो, सुपारी शोधायला लागतो आणि शेवटी म्हणतो, "थांबू थोडं. भाव पाहू."

पन्नाशी उलटलेल्या बियाणेवाल्याच्या घरी गेमिंग कॉम्प्युटर कशाला, हे आधी सांगायला हवं. तो त्यांच्या लेकीचा. एकुलती एक. इंजिनिअरिंगला असताना तिने सुटे भाग मागवून तो घरीच जोडला. मागच्या खोलीत सतरंजी टाकून ती आणि साडू दिवसभर बसले होते. ती एकेक भाग उचलून सांगायची आणि साडू हातात पेचकस धरून, सत्यनारायणाला बसल्यासारखे, सांगेल तेव्हा सांगेल ते पुढे करायचे. "बाबा, हा प्रोसेसर. हे याचं डोकं," असं तिने सांगितलं तेव्हा साडूंनी तो चिमुकला चौकोन तळहातावर घेऊन आधी कपाळाला लावला, मग परत दिला. त्या डब्याला आतून रंगीबेरंगी दिवे आहेत. ते ताईला इतके आवडले की त्या वर्षी गणपतीच्या मागे आरास म्हणून तिने तो डबाच ठेवला. आरती चालू असताना देव लाल, मग निळा, मग हिरवा होत होता, आणि शेजारच्या आजीबाई तेवढ्यासाठी दोनदा दर्शनाला आल्या.

पुढे लेकीला पुण्यात नोकरी लागली. तिने तिकडे दुसरा कॉम्प्युटर घेतला आणि हा इथेच राहिला. जाताना तिने बाबाला खेळायला शिकवलं, आणि तेव्हापासून दर रविवारी चार वाजता साडू दुकानाचं शटर अर्धं ओढून घरी येतात, हातपाय धुतात, लेकीचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा मोबाइलचा हेडफोन कानाला लावतात आणि लेकीसोबत जोडीने गोळीबाराचा खेळ खेळतात. एका बेटावर पुष्कळ माणसं विमानातून उतरतात, एकमेकांवर गोळ्या झाडतात आणि शेवटी जी जोडी जिवंत राहील ती जिंकते. आमच्या साडूंनी आयुष्यात कधी झुरळावर चप्पल उगारलेली नाही. ते बेटावर उतरले की बंदूक पाठीला अडकवून आधी जमीन पाहतात. "मस्त काळी जमीन हाये माय ही," ते लेकीला सांगतात, "अन् पडीक काहून ठेवली? इथं तूर आली असती." पलीकडून लेक ओरडते, "बाबा, मागं माणूस आहे, मारा!" तर हे मागे वळून त्या माणसाला म्हणतात, "अबे थांब ना लेका, बोलून राह्यलो ना." तोवर गोळी लागलेली असते. खेळातही त्यांचं नाव 'कास्तकार'च आहे. मारण्यापेक्षा त्यांचा भर सामान गोळा करण्यावर असतो. रस्त्यात दिसेल ती मलमपट्टी, दिसेल ती औषधाची बाटली ते लेकीसाठी पिशवीत भरून ठेवतात. लेकीला लागलं की गोळ्यांच्या वर्षावातून धावत जाऊन तिला औषध देऊन येतात. स्वतःला लागलं तर "राहू दे, चालते," म्हणून बसून राहतात.

तर हा कॉम्प्युटर हळूहळू म्हातारा झाला. सुरू व्हायला वेळ, खेळ उघडायला वेळ, मध्येच अडकायचा, कधी गरम होऊन आपोआप बंद पडायचा. चारला बसलेले बाप-लेक साडेचारला बेटावर उतरायचे. प्रोसेसर बदला, असं लेक सांगत होती, पुण्याहून पाठवते म्हणत होती. पण साडूंनी प्रोसेसरला कापसाचा न्याय लावला होता. आमच्याकडे कापूस वेचून घरात आला की लगेच विकत नाहीत. भाव चढेल म्हणून तो खोलीत छतापर्यंत रचून ठेवतात आणि बाजाराकडे कान लावून बसतात. साडूंचं म्हणणं, विकताना चढायची वाट पाहायची, तर घेताना उतरायची वाट पाहायला नको का? म्हणून ते अधूनमधून मला बाभुळगावहून बोलावून घेत आणि आम्ही दोघं यवतमाळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जात असू. मी बाभुळगावच्या शाळेत गणित शिकवतो, एवढ्यावरून मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा त्यांचा समज होता. तो मी कधी खोडला नाही, याचंही मला वाईट वाटतं. पण मला कशाचं वाईट वाटत नाही? एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी शेजारच्याचं काय, या विचाराने मला बाहेरचं काही दिसत नाही.

त्या दुकानदाराने साडूंना गिऱ्हाईक समजणं केव्हाच सोडून दिलं होतं. लांबून आम्ही दिसलो की तो पोराला सांगायचा, "पाहुण्यायले चहा आण." साडू काचेतल्या डब्यावर बोट ठेवत.

"हा कवाचा हाये?"

"एकदम नवा, काका. आत्ताच निघाला."

"म्हणजे याच्यातला दोष अजून कोणाले समजला नसन. जरा जुना होऊ दे."

"मग हा घ्या. दोन वर्षं झाली याला, एकदम भरवशाचा."

"आता जुना कायले घेऊ बावा? आमच्या घरी हाये ना जुना."

दुकानदार माझ्याकडे पाहायचा. मी चहात पाहायचो. एकदा तो वैतागून म्हणाला, "काका, नवा न्या नाही तर जुना न्या, पण एकदाचं न्या ना!" साडू उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पितृपक्ष होऊ दे." पितृपक्षाला तेव्हा पाच-सहा महिने होते.

यंदा पोळ्याच्या आधी लेकीचा मला फोन आला. "मावसाजी, बाबाले समजवा ना. खेळ उघडायलेच अर्धा तास जाते. इकडे मैत्रिणी म्हणतात, रविवारी आमच्यासोबत खेळ. मी किती दिवस नाही म्हणू? दिवाळीपर्यंत पाहते. तोपर्यंत काही नाही झालं तर मग..." पुढचं मला कळलं. साडूंचा रविवार जाणार होता. मला रात्रभर झोप आली नाही. माझ्या फोनमध्ये सगळं चटकन उघडतं याचीसुद्धा लाज वाटली.

पोळ्याला आम्ही नेरलाच होतो. दुसऱ्या दिवशी साडू दुकानात गेल्यावर मी हिंमत करून मागच्या खोलीत गेलो. प्रोसेसर निदान डोळ्यांनी पाहावा, एवढाच हेतू. डब्याचं झाकण उघडलं आणि आत मला प्रोसेसर दिसलाच नाही. कापूस दिसला. ही खोली म्हणजेच त्यांची दरवर्षीची कापसाची खोली. कूलर तिथेच म्हणून कॉम्प्युटर तिथे, आणि भिंतींना ओल नाही म्हणून कापूसही तिथे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तीन बाजूंनी कापसाची गंजी आणि मध्ये गुहेत बसल्यासारखे साडू, हे दृश्य आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. अंगाला खाज सुटते म्हणून ते बनियनवर टॉवेल गुंडाळून खेळतात, यावर हसलोही होतो. पण आतला पंखा इतकी वर्षं ते तंतू ओढून घेत होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पंख्यावर छोटी उशी भरेल एवढा कापूस बसला होता. बिचारा प्रोसेसर म्हातारा झालेला नव्हता. तो मे महिन्याच्या उन्हात रजई पांघरून बसला होता.

गोठ्यात बैलांची शिंगं रंगवायचा ब्रश पडला होता. तो धुऊन, वाळवून मी सगळा कापूस हलक्या हाताने काढला. एका पात्यावर थोडा लाल रंग लागला, त्याला इलाज नव्हता. यंत्र लावलं तर दिवे लागले आणि चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत खेळ उघडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून कोणाचं तरी भलं झालं, असं वाटून मी बाभुळगावला आलो.

पुढच्या महिन्यात एका रविवारी नेरला गेलो ते कौतुक करून घ्यायलाच. चारला साडू बसले, चारलाच बेटावर उतरले. "उजवीकडं पाह्य माय... आला, आला... मेलो." पुन्हा उतरले, पुन्हा मेले. साडेचारला लेक म्हणाली, "चला बाबा, पुढच्या रविवारी. मैत्रिणी वाट पाहून राह्यल्या." आणि संपलं. साडूंनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला आणि त्याची वायर बोटाभोवती गुंडाळत बसून राहिले.

ताई दारात उभी होती. मला म्हणाली, "मास्तर, आधी पोरगी काय जेवली ते समजे. आता नुसते किती मेले ते समजते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो अर्धा तास! पडद्यावर ते चक्र गरगर फिरत असायचं आणि इकडे बाप-लेकीच्या गप्पा चालायच्या. खोलीवरच्या मैत्रिणीचं भांडण, मेसच्या पोळ्या, साहेबाचा तिरसटपणा, इकडचा पाऊस, गाभण गाय. यंत्र बंद पडलं की आणखी पाव तास. मी कित्येकदा तिथे बसून ते ऐकलं होतं आणि बिचाऱ्यांना किती वाट पाहावी लागते म्हणून हळहळलो होतो.

"भाऊ," मी चाचरत म्हणालो, "फोन करत जा ना पोरीले."

"करतो ना," साडू म्हणाले. "पण फोन केला का ती विचारते, काय काम होतं बाबा? आता काम तं काहीच नसते." मग डब्याकडे पाहत म्हणाले, "लय फास्ट झाला बावा हा. तुमी काही केलं का?"

मी हो म्हणालो. त्यांनी ताईला सांगितलं, "मास्तरले चहा टाक." त्या चहाइतका कडू चहा मी प्यालो नाही, आणि त्यात साखर भरपूर होती.

दिवाळीला लेक आली. आम्हीही नेरला गेलो. पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला होता. दुकानामागचं नवं शेड रिकामं होतं, तरी साडूंनी कापूस मागच्या खोलीतच, डब्याला खेटून रचला होता. ताई कुरकुरत होती, "शेड कायले बांधलं मंग? एक दिवस घर पेटवतान हे." साडू म्हणाले, "शेडात ओल हाये." शेडात ओल नव्हती, मी पाहून आलो होतो.

हा एकाएकी एवढा फास्ट कसा झाला ते पाहायला दुपारी लेकीने डब्याचं झाकण काढलं. मी मागेच उभा होतो. तो ब्रश मी गोठ्यातून उचलून आणला होता, खिशात. काही झालं तर माझ्या हातून झालेलं मीच निस्तरावं असं वाटत होतं, पण निस्तरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. साडू आत आले, तिला प्रोसेसरच बदलायचा आहे असं समजून घसा खाकरला आणि लग्नाला परवानगी द्यावी तसं म्हणाले, "बरं माय. आता लय झालं. तू म्हणशीन तो प्रोसेसर घेऊन टाकू. तुह्या मैत्रिणी खोळंबतात ना."

लेकीने आत पाहिलं. पंख्याच्या कडेला नव्या कापसाचे चार पांढरे तंतू आधीच चिकटले होते. तिने बोट पुढे केलं, मला वाटलं आता ती ते काढणार. तिने पात्यावरच्या लाल रंगाला बोट लावलं, माझ्याकडे वळून पाहिलं, आणि झाकण परत लावून टाकलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "यंदा नको. पुढच्या वर्षी नवीन निघून राह्यला म्हणतात. भाव बी उतरन. थांबू थोडं."

"मी तं कवाचा म्हणून राह्यलो!" साडू एकदम फुलले. "आपल्या मास्तरलेच घाई."

मग कापसाने पेट घेऊ नये म्हणून तिने गंजी डब्यापासून दोन हात मागे सरकवली. शेडात मात्र न्यायला सांगितली नाही.

परवाच्या रविवारी मी नेरला जाऊन आलो. कापसाचा भाव चढला आहे, पण साडू विकत नाहीत, अजून थांबू म्हणतात. चार वाजता त्यांनी टॉवेल गुंडाळला, यंत्र लावलं आणि पंख्यावर पुन्हा साचलेल्या कापसाच्या कृपेने पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं. साडूंनी खुर्ची पुढे ओढली, पाय वर घेतले, हेडफोन नीट केला. "हं, सांग माय. काय जेवली आज?" मी हळूच दार लोटून घेतलं.

माझा मुलगा नागपूरला असतो. घरी आल्यावर मी त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "काय काम होतं, बाबा?" म्हणाला. मला काम आठवेना, म्हणून मी विचारलं, हे प्रोसेसर बदलायचं असतं ते केव्हा, ते जरा सांगशील का, सावकाश.