वकीलबाईंची उलटतपासणी

सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. खिडकीजवळच्या खुर्चीत शाळेतल्या एक बाई मान मागे टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या डाव्या भुवईवरून दोऱ्याचा पीळ सरसर सरकत होता. दोऱ्याचं एक टोक वकीलबाईंच्या दातांत होतं, म्हणजे त्यांना बोलता येत नव्हतं. नेहमीची गिऱ्हाइकं मनातलं विचारून घेतात ते नेमकं याच वेळी.

"एक पांढरा केस उपटला की दहा येतात म्हणे. खरं का हो?"

वकीलबाईंनी भुवई पुरी केली, दोरा सोडला. "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"माझी नणंद."

"तिने मोजले का?" शाळेतल्या बाई हसायला लागल्या. "हलू नका, भुवई जाईल. एका मुळाशी एक केस. दहा यायला तिथे काय वसतिगृह आहे? बाकीचे नऊ पिकणारच होते, तुम्ही फक्त आता लक्ष द्यायला लागलात. पण उपटू नका. मूळ दुखावलं तर तिथे काहीच येणार नाही, आणि मग टक्कल घेऊन माझ्याच डोक्यावर बसाल."

वकीलबाई वकील नाहीत. टायरच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर तीन खुर्च्यांचं एक पार्लर आहे, तिथे त्या एकोणीस वर्षं काम करतात. नाव ठेवलं ते पार्लरच्या थोरल्या मालकीणबाईंनी, कारण या बाईंना कुणीही काहीही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: कोण म्हणतं? दुसराही ठरलेला: तुम्ही स्वतः पाहिलं का?

ही सवय जन्माची नव्हे. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या करंगळीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उठला. वर्षभरात तो मनगटापर्यंत पोचला, मग दुसऱ्या हातावर, मग ओठांभोवती आणि डाव्या पापणीवर. कोड. हा शब्द त्या पूर्ण उच्चारतात, आवाज न उतरवता. तेव्हा मात्र त्यांनीही सांगेल त्याचं ऐकलं. दूध आणि मासे एकत्र खाल्ले असतील, असं चुलत जाऊ म्हणाली. त्या मासे खातच नव्हत्या, तरी महिनाभर आठवत बसल्या की कुणाच्या घरी चुकून खाल्ले का. कुणीतरी कसल्याशा बियांचं तेल आणून दिलं: लावून तासभर उन्हात हात धरायचा. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर लिंबाएवढे फोड आले. सतरा दिवस दोरा धरता आला नाही. त्या सतरा दिवसांत घरी बसून त्यांनी ठरवलं की यापुढे साक्षीदार तपासल्याशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही.

स्वतःलाही त्यांनी यातून वगळलं नाही. वाफ घेतली की चेहऱ्याची रंध्रं उघडतात आणि गार पाण्याने मिटतात, असं त्या अकरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आल्या होत्या. पुढे स्वतःच्या कोडासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या असताना सहज बोलून गेल्या. डॉक्टर म्हणाले, "रंध्रांना दारं नसतात हो." वाफेने मळ मऊ होतो, एवढंच. त्यानंतर महिनाभर खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला त्यांनी सांगितलं की मी तुम्हाला चुकीचं सांगत होते.

"अगं, नसतं सांगितलं तर कुणाला कळणार होतं?" थोरल्या बाई म्हणाल्या.

"मला कळलंय ना."

थोरल्या बाईंचे गुडघे गेले आणि चार महिन्यांपूर्वी पार्लर सूनबाईंकडे आलं. सूनबाई कामाच्या. भिंती रंगवल्या, आरशांभोवती दिवे लावले, गळका नळ बदलला. वकीलबाईंना यातलं सगळं पसंत होतं.

त्या सोमवारी शाळेतल्या बाई गेल्यावर सूनबाई टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून तुम्ही आतल्या खोलीत काम करा. वॅक्सिंग आणि केस धुणं. तिथला पंखाही चांगला आहे."

"पंख्यासाठी पाठवतेस?"

"तसं नाही. गिऱ्हाइकं कुरकुर करतात. खिडकीतून खालचे लोक बघतात. पार्लरमध्ये बाई बसलीय आणि तिच्याच चेहऱ्यावर..."

"कोड."

"हो. म्हणजे, बरं नाही दिसत. नाहीतर बाहेरच बसा, पण तोंडाला फाउंडेशन आणि हातात मोजे घालून."

"मोजे घालून दोरा धरून दाखव. तुला जमलं तर मीही घालते. कुरकुर किती जणींची?"

"दोघी-तिघींची."

"दोघी की तिघी?"

सूनबाई घड्या घालत राहिल्या.

आतल्या खोलीत भुवयांचं काम होत नाही. तिथे उजेड नाही. म्हणजे ज्या कामासाठी बायका दोन बस बदलून वकीलबाईंकडे येतात, तेच काम हातून जाणार होतं. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी संध्याकाळी घरी बोलून दाखवली. नवरा तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायचं काम करतो. तो जेवता जेवता म्हणाला, "काय बिघडतं आत बसलीस तर? काम तर आहे ना."

"आज आतली खोली, उद्या मागचं दार, परवा घर. मी काही डाग पडलेलं कापड नाही, गठ्ठ्यात तळाशी घालायला."

"डाग पडलेलं आम्ही तळाशी नाही घालत, बाजूला काढतो."

"तेच सांगतेय तुला."

त्याने ताट उचलून मोरीत ठेवलं. मग म्हणाला, "डबा रोजचाच भरू ना उद्या?"

"रोजचाच."

मंगळवारी त्या आठ पंचेचाळीसला पोचल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. सूनबाईंनी पाहिलं. गिऱ्हाइकांसमोर बोलता येईना. दिवस नेहमीसारखा गेला. बँकेतल्या एकीने गालावरच्या पुटकुळीला दात घासायची पेस्ट लावली होती आणि तिथे बोराएवढा लाल चट्टा घेऊन ती आली होती. "पेस्ट कशासाठी असते?" वकीलबाईंनी विचारलं. "दातांसाठी." "मग तुझ्या गालाला दात आलेत का?" ओठांवरची लव काढली तर दाट येईल, अशी भीती एका कॉलेजातल्या मुलीला होती. ती दाट येत नाही, ब्लेडने कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, हे तिला समजावलं. "मी सावळीच आहे, मला कशाला उन्हाचं क्रीम?" म्हणणाऱ्या एकीला त्यांनी आधी तिचं कपाळ आणि मग बाहीखालचा दंड आरशात दाखवला. तिने दोन्हीकडे पाहिलं आणि क्रीमचं नाव लिहून मागितलं.

दुपारी दोनला गर्दी ओसरली तेव्हा वकीलबाईंनी वेळा लिहायची वही काढली आणि सूनबाईंसमोर उघडून ठेवली.

"चार महिने आहेत यात. माझ्या खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेलेली किंवा यायची थांबलेली एक बाई दाखव."

सूनबाईंनी पानं उलटली. एक नाव सापडलं. वकीलबाई म्हणाल्या, "त्यांची बदली झाली, दुसऱ्या गावी गेल्या. पुढे?"

पुढे काही नव्हतं. सूनबाईंनी वही मिटली. त्यांचा हात पोटावर गेला.

"मावशी, मला पाचवा महिना आहे."

"दिसतंय मला. त्याचं काय?"

"आई रोज फोनवर सांगते. म्हणते, सकाळी त्यांचं तोंड बघू नकोस, त्यांच्या हातचं पाणी घेऊ नकोस, बाळावर उतरेल." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला माहितीय हे खुळ्यासारखं आहे. पण रात्री डोक्यात येतं."

वकीलबाईंनी वही उचलून जागेवर ठेवली. राग आला होता, आणि तो त्यांनी गिळला नाही. फक्त आवाज चढू दिला नाही.

"मग हे काल सांगायचं होतंस. गिऱ्हाइकांच्या खांद्यावर बंदूक कशाला ठेवलीस? त्या बिचाऱ्या उन्हातून माझ्याकडे येतात आणि तू त्यांच्या तोंडी नसलेलं घालतेस."

"चुकलं."

"तुझ्या सासूबाईंचं डोकं आठ वर्षं या हातांनी चोळलंय. नवरा सव्वीस वर्षं एका ताटात जेवतो. मुलगी माझ्या पोटची. कुणाला ठिपका नाही. पण तू माझं ऐकू नकोस. मी या खटल्यात पक्षकार आहे. तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार. आणि नुसतं विचारून येऊ नकोस, त्या म्हणतील ते लिहून आण."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत मी इथेच. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तू आतल्या खोलीत बस. पंखा चांगला आहे."

बुधवारी दुपारी सूनबाईंची तपासणी होती. चारला त्या परत आल्या तेव्हा हातात औषधांच्या चिठ्ठीमागे लिहिलेल्या तीन ओळी होत्या. स्पर्शाने पसरत नाही. बघितल्याने किंवा खाण्याने होत नाही. रक्ताच्या नात्यात थोडी शक्यता असते. या दोघींचं रक्ताचं नातं नाही.

"डॉक्टर हसल्या मला," सूनबाई म्हणाल्या.

"हसू देत. आईला फोन केलास?"

"केला. ती म्हणाली, डॉक्टरांना काय कळतंय."

"कोण म्हणतं?" वकीलबाई म्हणाल्या, आणि सूनबाईंना हसू आवरलं नाही. मग त्या गंभीर झाल्या.

"तुम्ही बाहेरच बसा मावशी."

"मी उठले कधी होते?"

"पण खरं सांगू? माझ्या भुवया तुमच्याकडून करून घ्यायला अजून धीर होत नाही. बाळ होईपर्यंत तरी."

"नको करूस. मी तुझ्या भुवयांसाठी भांडत नव्हते."

सूनबाईंनी मान हलवली. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण जिन्यात चपला वाजल्या आणि साडेचारचं गिऱ्हाईक आलं. वकीलबाईंनी खुर्ची झटकली, दोऱ्याचं नवं रीळ फोडलं. ओठांभोवतीचा पांढरा भाग दिव्यांच्या त्या नव्या चौकटीत स्पष्ट दिसत होता. त्यावर उन्हाच्या क्रीमखेरीज काहीही नव्हतं.

उद्या गुरुवार. इमारतीची पाण्याची टाकी धुतात म्हणून गुरुवारी पार्लर अकराला उघडतं. खिडकीजवळच्या खुर्चीवर वकीलबाईंचं पहिलं काम अकरा वाजून दहा मिनिटांनी आहे: एका नर्सबाईंचे कमरेपर्यंतचे केस खांद्यापर्यंत कापायचे आहेत.