पेटीतली रिकामी खाच

मंडळी, आज सकाळी माझ्यामुळे एक विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. आणि मला त्याचा अभिमान आहे!

मी विमानांची देखभाल करणारी इंजिनिअर. तपासणीनंतर माझी सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. आज सगळं तपासून झालं, प्रवासी बसले, सहीसाठी पेन काढलं आणि सवयीने हत्यारांच्या पेटीत पाहिलं. एक खाच रिकामी होती. छोटा टॉर्च नव्हता.

सीनियर म्हणाले, "असेल कुणाच्या तरी खिशात. सही कर, टाइम होतोय."

मी म्हटलं, "टॉर्च मिळेपर्यंत सही नाही."

इंजिनाचं झाकण पुन्हा उघडलं. टॉर्च आतच होता. तेल बघताना मीच ठेवला होता. तसं लिहूनही दिलं.

काम संपलं की हत्यारं मोजायची, हे कोर्समध्ये शिकवतातच. पण मी ते त्याआधीच शिकले होते. मुरबाडजवळच्या आमच्या गावात भातकापणी आटोपली की आई सगळ्यांचे विळे मोजते. पेंढ्यात एखादा राहिला तर बैलाच्या तोंडात जाईल म्हणून. एक जरी कमी भरला तरी कुणी घरी जायचं नाही.

दुपारी आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, आता कौतुक होणार.

"मिळाला ना?" तिने विचारलं.

"मिळाला."

"मंग बरा झाला. पन तिथं ठेवलास कशाला गो?"

अशी शाबासकी तुमच्या घरी कोण देतं?