एक ठोका दाब, दोन ठोके सोड

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वाचून हसतो. पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक, पिंपळाखालचा म्हातारा... अर्धं आयुष्य मी ट्रकवर काढलंय. मेळघाटचे घाट उतरलो, अमावस्येला उतरलो, मला रस्त्यात हात दाखवला तो फक्त जित्याजागत्या माणसांनी, आणि तोही बिडी मागायला. आमचा दादा गाडीला लिंबू-मिरची बांधायचा. मी म्हणायचो, लिंबू इकडे दे, वरणावर पिळतो. असा माणूस मी. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे, पण कुठेतरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही अमरावतीजवळ नांदगाव पेठेला राहतो. घरामागे मोकळी जागा आहे, तिथे गाडी उभी असते. गाडी म्हणजे आमचा ट्रक. किती चालला ते कुणालाच माहीत नाही, कारण त्याचा मीटर कधीचा बंद पडलाय. सीझनला शेंदूरजनाघाटहून संत्री, एरवी तेल्हाऱ्याकडून कापसाच्या गाठी, असं आमचं चालायचं. दादा माझ्याहून मोठा. तो चालवायचा, तो थकला की मी. आणि गाडीचं सगळं काम आम्ही दोघं घरीच करायचो. ग्रीसिंग, ब्रेकचे लायनर, कमानीचे पट्टे, सगळं. दादाचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गॅरेजवाला एक नट कसते अन् दोन ढिले करून पाठवते."

आता थोडं मिस्त्रीकाम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या गाडीचा क्लच तेलावर चालतो. पेडल दाबलं की नळीतलं तेल खाली गिअरबॉक्सपाशी एक छोटा रॉड बाहेर ढकलतं. त्या तेलात हवा शिरली की पेडल पोकळ होतं, रॉड नीट बाहेर येत नाही, गिअर पडत नाही. मग ती हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर केबिनमध्ये पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निजून निप्पल, म्हणजे रॉडपाशी हवा सोडायला असलेला छोटा स्क्रू, ढिलं करायचं. फस्स करून हवा आणि तेल बाहेर येतं. निप्पल कसायचं, मग वरच्याने पेडल सोडायचं. असं हवा संपेपर्यंत.

वर दादा, खाली मी. आता इंजिनाशेजारी जन्म गेल्यामुळे दादाला कमी ऐकू यायचं. मी खालून बोंबलायचो, "दाब!" आणि हा वरून विचारायचा, "काय चहा?" शेवटी त्यानेच तोडगा काढला. "तू पान्यानं चेसिसवर ठोक. एक ठोका, दाबतो. दोन ठोके, सोडतो. पायाले समजते मले, कान नाही लागत." झालं. तेव्हापासून आमच्यात त्या कामाला शब्द लागला नाही. घरात सगळ्यांना ते ठोके पाठ झाले होते. ते ऐकू आले की वहिनी चहा टाकायची.

या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याला गाठी भरून झाल्या. दादा ताडपत्रीची दोरी आवळत होता. मला म्हणाला, "हाताले मुंग्या येऊन राहिल्या रे," आणि खाली बसला. तो बसला तो बसलाच. जिनिंगवाल्यांच्या जीपमधून त्याला अकोल्याला आणलं. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, वाट पाहा, पण फार आशा ठेवू नका. दादा डोळे मिटून पडलेला, नाकात नळी, अंगावर कुठेही चिमटा काढा, काही नाही. वहिनी त्याच्या पायाशी बसलेली. माझी बायको डबे करायला म्हणून अकोल्यातच तिच्या बहिणीकडे राहिली.

गाठी भरलेली गाडी तेल्हाऱ्याला अडकून पडली होती. ती सोडवून नांदगाव पेठेच्या कंपनीत रिकामी करणं भाग होतं. वहिनीच म्हणाली, "जा भाऊजी, माहा भाऊ हाय इथं." मी गाडी काढली आणि दुष्काळात तेरावा महिना, मूर्तिजापूरच्या पुढे पेडल पोकळ झालं. गिअर अक्षरशः कोंबत कोंबत पोचलो, माल उतरवला, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला परत निघणारच होतो. पण मनात आलं, दादा उठला की पहिलं विचारणार, "गाडी कशी हाय?" मी काय सांगू, क्लच गेला म्हणून? गाडी नीट करून ठेवली की जणू त्याला उठावंच लागेल, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात बसलं होतं. आशा माणसाला असली कामं करायला लावते.

भर दुपार होती. घरात कुणी नव्हतं, फाटकाला आतून कुलूप. एकट्यानं हवा काढायची तर पेडल दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये लाकडी दांडा अडकवायचा, खाली उतरायचं, निप्पल खोलायचं, कसायचं, पुन्हा वर चढायचं. कंबरडं मोडणारं काम. क्लचच्या डब्यात तेल काठोकाठ भरलं, दांडा शोधून केबिनच्या दाराशी टेकवून ठेवला. मग म्हटलं, आधी निप्पल फिरतं का ते बघू. पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरलो.

निप्पलला पाना लावला. आणि डोकं अकोल्यात, हात गाडीखाली... हातानं आपलं रोजचं काम केलं. चेसिसवर एक ठोका मारला.

वर पेडल कुईं वाजलं. माझ्या डोळ्यांसमोर रॉड थोडा बाहेर आला.

मी निप्पल ढिलं केलं. फस्स... हवा आणि काळं तेल. कसलं. दोन ठोके. रॉड आत गेला. एक ठोका, रॉड बाहेर. प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा जास्त. एकदा तर तेलाची पिचकारी थेट माझ्या तोंडावर आली आणि मी नेहमीसारखा ओरडलो, "हळू ना दादा!"

ते शब्द तोंडातून गेले आणि मी थिजलो. रॉड बाहेर येऊन थांबलेला होता. वर कुणीतरी पेडल दाबून धरलं होतं, माझ्या दोन ठोक्यांची वाट बघत. मी निप्पल कसलं. दोन ठोके मारले. रॉड आत गेला.

बाहेर आलो. केबिन रिकामी. दांडा होता तिथेच टेकलेला. फाटकाचं कुलूप जसंच्या तसं. सीटवर फोन पडला होता, सायलेंटवर, आणि त्यावर वहिनीचे कॉलवर कॉल येऊन गेलेले. दादा गेला. दुसरं काय समजणार?

मी फोन लावला. पलीकडे वहिनी रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं. "भाऊजी, पाय हालला त्याइचा! डावा पाय! दाबे अन् सोडे, दाबे अन् सोडे... मी सोता पाह्यला! नर्सनं पाह्यला!"

डावा पाय. क्लचचा.

मी मिळेल त्या एसटीने अकोला गाठलं. रस्ताभर मी हसत होतो आणि रडत होतो, शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटमध्ये स्नायू आपोआप हलतात, त्याचा अर्थ काढू नका. दादाच्या खाटेशी गेलो आणि खिशातल्या किल्लीनं लोखंडी दांडीवर एक ठोका मारला. वाट पाहिली. पुन्हा मारला. वहिनी पायाकडे डोळे लावून बसलेली. तो पाय उशीवर तसाच पडला होता. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही.

पुढे एका ओळखीच्या मिस्त्रीला मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, की एकट्यानं अशी हवा निघते का? तो म्हणाला, निघते की, निप्पल उघडं ठेवलं तर तेल आपल्या वजनानं खाली उतरतं. खरं आहे ते. पण तसं तेल टिपटिप गळतं, पिचकारी मारत नाही. आणि वर कुणी पेडल दाबल्याशिवाय रॉड हलत नाही. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही, आणि ते नाही याचा त्रासही नाही. त्रास दुसऱ्याच गोष्टीचा आहे. दादाच्या अंगात त्या दिवशी थोडी ताकद कुठेतरी शिल्लक होती. ती उठायला, डोळे उघडायला, वहिनीला एकदा हाक मारायला कामी आली असती का? आणि मी ती क्लचची हवा काढायला वापरून टाकली का? झोप लागत नाही मला या विचारानं.

आता दादा घरी आहे. डोळे कधी उघडे असतात, पण त्या डोळ्यांत तो नसतो. वहिनी रोज त्याच्या डाव्या पायाला तेल चोळते, फक्त डाव्या. त्या दुपारच्या ठोक्यांचं मी तिला सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात क्लचनं पुन्हा हवा धरली. मी गाडी तशीच उभी ठेवली. वर बसायला कुणीही चाललं असतं, पण पाना हातात घ्यायची हिंमत होत नव्हती. वहिनी बाहेर आली. "काहून उभी ठेवली गाडी?" मी सांगितलं. तिनं पदर खोचला आणि सरळ केबिनमध्ये चढून बसली. "मी दाबते. तुमी ठोका. जोरानं ठोका हं भाऊजी, त्याइच्या खोलीत आयकू गेलं पायजे."

मी गाडीखाली शिरलो. एक ठोका मारला, रॉड बाहेर आला. वहिनीचा पाय. दोन ठोके, आत. असं बराच वेळ झालं. मग ती उतरली, तिच्या चपला घराकडे गेल्याचं मी खालून पाहिलं. वर कुणी नव्हतं. मी नको नको म्हणत होतो तरी हात उचलला आणि एक ठोका मारला. येईल अशी भीतीही वाटत होती, आणि येऊ दे, अजून एकदा येऊ दे, असंही वाटत होतं.

रॉड जागचा हलला नाही. मी पोत्यावर पडल्या पडल्या लहान मुलासारखा रडलो.

चपला परत आल्या. केबिनचं दार वाजलं. "एक ठोका आयकू आला आतमंदी," वहिनी वरून म्हणाली, "पण पाय नाही हालला. ठोका पुन्हा."

हवा केव्हाच निघाली होती, निप्पलमधून स्वच्छ तेल येत होतं. मी पुन्हा ठोका मारला.