युद्धापुरता गोलकीपर

"जर्सी काढ. आर्यन आलाय."

आमचे कोच सर असं म्हणाले तेव्हा मी बूट बांधत होतो. फायनलला पाऊण तास होता. चेंजिंग रूममध्ये सगळी टीम होती. सर माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या कागदाकडे बघत होते. एक नंबरसमोरचं माझं नाव खोडून वर आर्यनचं लिहिलेलं मला उलट्या बाजूनंही दिसलं.

आर्यन दारात उभा होता. आदल्या दिवशीच पुण्याहून परतलेला. हातमोजे नवे कोरे.

मी म्हटलं, "सर, अख्खा मोसम मी खेळलोय."

सर हसले. "अरे, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी तू धरलीस. शाबास. आता ज्याची जागा त्याला दे."

दोघंतिघं फिसकन हसले. त्यातला एक युद्धाच्या दिवसांत माझ्याच बरोबर खेळलेला. ते हसणं मला सरांच्या बोलण्याहून जास्त लागलं.

आणि मी जर्सी काढली. नुसती काढली नाही, घडी घालून दिली. "नो हार्ड फीलिंग्ज, ब्रो," आर्यन म्हणाला. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

आम्ही बहरीनमध्ये सलमाबादला राहतो, गॅरेजच्या वर. अब्बा खाली गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. मूळचे गुहागरकडचे. कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये मी दुसरा गोलकीपर, म्हणजे कायमचा बाकावर. पहिला आर्यन. कॅप्टनही तोच. त्याचे बाबा बँकेत मोठे साहेब, कॉलेजच्या कमिटीवर.

मग आखातात युद्ध सुरू झालं. फोनवर सायरन वाजायला लागले, विमानं बंद झाली. आर्यनची मंडळी दुसऱ्याच दिवशी गाडी काढून समुद्रावरच्या पुलावरून सौदीत गेली, तिथून पुण्याला. सतरापैकी सहाजण असे गेले. उरलो अकरा. शूर होतो म्हणून उरलो नाही. अब्बांच्या गॅरेजच्या कंपनीनं रजा दिली नव्हती, आणि बाकीच्या दहाजणांच्या घरीही थोडंफार तसंच होतं.

काही आठवड्यांनी लीग पुन्हा सुरू करायचं ठरलं. भरदुपारी, रिकाम्या मैदानात. पण पालकांची लेखी संमती हवी होती. अब्बा सही करेनात. "वरून काय पडला तर? पोराला मैदानात उभा करू काय मी?" टीममध्ये माझ्याशिवाय गोलकीपर उरला नव्हता. मी नाही तर टीम नाही.

म्हणून सर स्वतः सलमाबादला आले. तेही गुहागरचेच. चटईवर मांडी घालून बसले, अम्मीची घावनं खाल्ली, गावच्या बंदराच्या गप्पा काढल्या. आमच्याकडे गाववाला म्हटलं की खलास. गाववाल्याच्या हाती आम्ही पोरीचं सोनं गावी पाठवतो आणि पावती मागत नाही. मागितली तर त्याचा अपमान होतो.

सर म्हणाले, "भाई, आता हाच माझा गोलकीपर आणि हाच कॅप्टन. फायनलपर्यंत. गाववाल्याचा शब्द आहे."

अब्बांनी फॉर्म वाचलाही नाही. सही केली.

सेमीफायनलला बाकावरच्या अकरा बॅगांतले अकरा फोन एकदम बोंबलले. सगळे स्टँडखालच्या बोळाकडे पळाले. मी गोलमधला, सगळ्यांत लांब. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? बोळात सरांनी माझा खांदा घट्ट धरला. म्हणाले, "तू आहेस म्हणून टीम आहे रे." अर्ध्या तासानं आम्ही परत उतरलो आणि मी दोन पेनल्टी अडवल्या. त्या दिवशी या माणसासाठी मी काहीही केलं असतं.

आणि फायनलला बाकावर बसून मी त्याच माणसाची पाठ बघत होतो. लढाई थांबली होती, प्रेक्षक आले होते. आपण एक-शून्यनं जिंकलो. 'आपण' म्हणायची सवय लवकर जात नाही.

मग फोटो. मागे बॅनर होता: युद्धातही न थांबलेली टीम. मधोमध आर्यन, हातात ढाल. सरांनी मला हाक मारली. "ये रे, पुढे खाली बस. आणि नंतर झल्लाकच्या रिसॉर्टला आर्यनच्या बाबांचं जेवण आहे, यायचं हं."

मी हललो नाही.

"अरे ये. फोटो बघून भाईंना बरं वाटेल."

अब्बांचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं.

"फोटो नको. तुम्ही सलमाबादला चला. अब्बांसमोर बसा आणि शब्द का मोडलात ते सांगा."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. सर इकडंतिकडं बघून म्हणाले, "येईन रे. इंशाल्ला."

बहरीनमध्ये वाढलेल्या पोराला या इंशाल्लाचा अर्थ सांगावा लागत नाही: येणार नाही. मी तिथून निघालो. माझ्याशिवाय फोटो झाला.

अब्बा थिनरनं हातावरचा रंग पुसत होते. मी सगळं सांगितलं, रुमालाचंसुद्धा. त्यांनी नखांतला रंगही पुसला. मग म्हणाले, "जाव दे. गाववाला हाय."

मी अब्बांवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "नाय अब्बा. जाव देनार नाय. त्यानं मला नाय, तुमाला फसवलान."

अब्बांनी थिनरचा डबा बंद केला. 'नको' मात्र म्हणाले नाहीत.

सर आले नाहीत. फोटो कॉलेजच्या भिंतीवर लागलाय आणि मी रोज त्याच्या समोरून जातो. टीम सोड, असं पुष्कळांनी सांगितलं. सोडणार नाही. रुसून घरी बसलो तर त्यांचंच फावेल. पुढच्या मोसमाच्या निवडीला मी सगळ्यांत आधी हजर असेन. यापुढे कुणी 'आपला माणूस' म्हणून घरी आला, तर घावनं मिळतील, पण आधी कागदावर लिहून द्यावं लागेल. त्यात अपमान वाटला तर वाटू दे. आणि मला बाकावर बसवायचं असेल, तर सगळ्या टीमसमोर, माझ्या तोंडाकडे बघून, कारण सांगून बसवा. मी कारण विचारणार आहे. दर वेळी विचारणार आहे.