गिरीशचे तेरा किलो

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या परीक्षित दिघेला कोणाचा बंगला, कोणाचं प्रमोशन कधी खुपलं नाही. त्याला खुपायची ती गिरीशची बॅग. दोघे एकाच ऑफिसात, आणि दर ऑक्टोबरात सिएराच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला बरोबरच जायचे. गेल्या वर्षी चढावर परीक्षितला धाप लागली, तेव्हा गिरीश शीळ घालत म्हणाला, "माझी बॅग रायफल सोडून तेराच किलो आहे, यार."

त्या तेरा किलोंनी वर्षभर परीक्षितच्या पोटात दुखत राहिलं. त्याने चांगला तंबू विकून नुसतं वरचं छत घेतलं, टायटॅनियमचा स्टोव्ह घेतला, स्लीपिंग बॅग बदलली. रुचाच्या किचनमधल्या वजनकाट्यावर मोजे तोलले, टूथब्रशचा दांडा अर्धा कापला.

"आता मिशाही काढून टाक," रुचा म्हणाली. ती त्याची बायको, तिला बोलायचा हक्क होता.

बाथरूममधल्या काट्याने भरलेल्या बॅगेचे बारा किलो दाखवले त्या क्षणी त्याने फोटो काढून गिरीशला पाठवला.

या वर्षी तो खरोखरच पुढे चालला. पण हरीण दिसलं ते मागून रमतगमत येणाऱ्या गिरीशला, आणि त्याची गोळीही बसली. परीक्षितने दात आवळून अभिनंदन केलं. गिरीशचे हरणाबरोबरचे फोटोही त्यालाच काढावे लागले.

मांस कापडी पिशव्यांत भरून झालं. मागच्या दोन्ही जड तंगड्या गिरीशने परीक्षितच्या पुढ्यात ठेवल्या.

"या तू घे. तुझी बॅग हलकी आहे. फोटो पाठवला होतास ना."