जहाजाची बाजू

नाणं कोणत्याही देशाचं दाखवा, छापा कुठला अन् काटा कुठला हे मी लगेच सांगतो. गडचांदूरला आमचं शिंप्याचं दुकान. सिमेंट फॅक्टरीत लांबलांबची माणसं येत, कपडे शिवायला टाकताना एखादं परदेशी नाणं मला देऊन जात. माझा नियम साधा: किंमत लिहिलेली बाजू काटा, उरलेली छापा. मग तिथं राणी असो की झाड.

शेजारच्या कापडवाल्या चाचांच्या जावयानं कुवेतहून कळवलं, एका शिंप्याची जागा आहे. आम्ही दोघं भाऊ. एकानं जायचं, दुसऱ्यानं आईजवळ राहायचं. जायला दोघंही तयार नव्हतो. शेवटी चाचांनी दिलेलं कुवेतचंच नाणं काढलं. छापा आला तर मी, काटा आला तर धाकटा.

नाणं मशीनच्या फळीवर पडलं. वर जहाज.

"छापा! दादा, भर बॅग," धाकटा ओरडला.

"थांब. जहाजाखाली काय हाय?"

त्यानं वाकून पाहिलं. अरबीतले एक आणि नऊ इंग्रजीतल्यासारखेच दिसतात. "साल हाय वाटते."

"आपल्या रुपयावर साल कोण्या बाजूनं असते?"

"आकड्याच्या."

"मंग हा काटाच."

तो हिरमुसला, पण वाद घातला नाही. नाण्यांतलं मला कळतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या बाजूला एक लहान गोल आणि एक ठिपका होता. तो गोल म्हणजे पाच आणि ठिपका म्हणजे शून्य, हे चाचांनी मला आधीच वाचून दाखवलं होतं. म्हणजे किंमत मागं, अन् जहाज छापाच. मला जायची भीती वाटत होती, बस्स. धाकटा कुवेतला गेला. लोक कौतुकानं म्हणत, मोठ्यानं धाकट्याला पुढं केलं. मी ऐकून घेत असे.

काही वर्षांनी तो सुट्टीवर आला. दुकानात बसता बसता त्यानं फळीवर तसलंच नाणं ठेवलं, जहाज वर.

"हे काय हाय, दादा?"

"छापा," मी म्हणालो. "तवाही छापाच होता. मले माहीत होतं."

"मलेही गेल्यावर पहिल्याच चहाच्या टपरीवर नाणं देताना समजलं." तो हसला. "तू कधी बोलते, तेच पाहून राह्यलो होतो."

"मंग आता?"

"आता बॅग भर. मशीनवर मी बसतो."

मी खुर्चीतून उठलो. त्यानं खरंच बसून सुईत दोरा ओवायला घेतला.