दाजींचा पैरा

जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ माझ्या दाजींना एकाच ठिकाणी सापडतं, ते म्हणजे बाहेरून आलेले गवंडी. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कडेगावात त्यांची हयात गिलावा करण्यात गेली. आपल्या भिंतीवरून पालसुद्धा घसरते, असं ते स्वतःच सांगतात. पण बिहारकडचे गवंडी आले, ठेकेदार हाजरीत, म्हणजे रोजच्या मजुरीत, घासाघीस करू लागले, आणि दाजींनी अर्थशास्त्र हाती घेतलं. हॉटेलात बसून ते समोर दोन कप मांडायचे. "ह्यो आमचा, ह्यो बिहारचा. किटलीत चा तेवढाच. मग हाजरी पडंल का न्हाई, सांग गड्या!" एकदा हॉटेलवाल्यानं विचारलं, "दाजी, ती मानसं माझ्याकडंच चा पित्यात. मला दुसरी शेगडी लावाय लागली, ती कुठल्या कपात धरायची?" दाजींनी त्या दिवसापासून हॉटेल बदललं. घरी बहीणही त्यांना सोडायची नाही. "आवं, तरण्यापनी तुमी पाचगणीला बंगल्यांच्या कामावर गेलावता, तवा तितल्या गवंड्यांनी आरती ववाळली व्हय?" यावर दाजींचं उत्तर ठरलेलं: "आमी परकं न्हवतो. निस्तं घाट चढून गेलतो!"

मारुतीच्या देवळात त्यांनी शपथही घेतली होती की, बाहेरच्या गवंड्याला माझ्या दारात हाजरी देणार नाही. मग स्वतःचं घर बांधायला काढलं. वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून झाल्या आणि गिलावा तसाच राहिला. गावातला एक गवंडी पुण्याला गेलेला, दुसऱ्याचा मुलगा फौजेत लागल्यापासून त्यानं थापी टांगून ठेवलेली. दाजी एकटेच परांचीवर चढले आणि दुसऱ्याच दिवशी खांदा धरला. मी गेलो तेव्हा ते उघड्या विटांसमोर बसले होते. "हात वर जाईना रं. संपलं आपलं," म्हणाले. एवढा बोलणारा माणूस इतक्या हळू बोलला, की ऐकायला मला वाकावं लागलं.

तोड बहिणीनं काढली. मागच्या गल्लीत छोटेलाल नावाचा बिहारी गवंडी राहायचा. "हाजरी देऊ नगा. पैरा करा," ती म्हणाली. पैरा म्हणजे आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. पैशाचा संबंध नाही. शपथही शाबूत! दाजी एकदम उजळले. छोटेलालला पैरा समजावून सांगितला, तेव्हा तो पोटभर हसला आणि दोन सोबती घेऊन आला. दाजी खुर्चीत बसून "वळंबा धर, वळंबा!" म्हणून ओरडत होते; ते न ऐकता त्या तिघांनी घर वेळेत पुरं केलं. दाजींनी भिंतीवरून डावा हात फिरवला, बराच वेळ फिरवला. "पाल घसरंल," एवढंच म्हणाले.

पैरा फेडायचा असतो आणि छोटेलालचं घर बिहारात आहे, हे मात्र त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दिवाळीनंतर गावाहून त्याचा फोन आला की घर गिलाव्याला आलंय. त्यानं फक्त कळवलं होतं, बोलावलं नव्हतं. खांद्याचं निमित्त सांगा, असं सगळ्यांनी सुचवलं. दाजी भडकले. "पैरा बुडवनाऱ्यातला वाटलो व्हय मी?"

मी त्यांना मिरज स्टेशनात बिहारकडच्या गाडीत बसवून दिलं. पिशवीत थापी, ओळंबा आणि बहिणीनं दिलेल्या भाकरी. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून वाकून त्यांनी हळूच विचारलं, "तितलं गवंडी काय म्हनतील रं? आला भायेरचा! आन् त्यो बी फुकाट!"

मी हसत होतो, तेवढ्यात गाडी हलली. दाजींनी निरोपाला तोच दुखरा हात बाहेर काढला आणि कळ सोसत खांद्याच्या वर नेला. मला दिसेनासं होईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.